जावास्क्रिप्ट बंद ठेवून आठ महिने: एका जुन्या लॅपटॉपचा अनुभव

माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा. बातम्यांची दोन पानं उघडली की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा. तपकीर गल्लीतल्या दुकानदारानं मागची बाजू उघडून पाहिली आणि ‘रॅम बोर्डावरच जडवलीये, वाढायची नाही, नवीनच घ्या’ म्हणाला. मी भाषांतरं करतो; दिवसभर वाचायचं आणि टाइप करायचं, एवढंच काम. त्यासाठी नवीन मशीन घेणं जिवावर आलं. भाचा म्हणाला, ‘मामा, जावास्क्रिप्ट बंद करून बघ.’

हे जावास्क्रिप्ट म्हणजे साईटनं आपल्या ब्राउझरला चालवायला दिलेला प्रोग्रॅम. पान आपण वाचत असतो, पण राबत असतो आपला प्रोसेसर. (ब्रेंडन आईख यांनी १९९५ साली नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीत त्याचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला होता. जावाशी त्याचं नातं फक्त आडनावापुरतं.)

सुरुवातीला उत्साहाच्या भरात फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ हे आतल्या सेटिंगचं पान उघडून जावास्क्रिप्ट सगळीकडेच बंद केलं. पूर्वी सेटिंगमध्ये त्यासाठी साधा चौकोन होता, टिक काढली की झालं. २०१३ मध्ये फायरफॉक्स २३ आलं आणि तो चौकोन गेला, कारण चुकून टिक काढणाऱ्याला साईट का मोडली तेच कळत नसे. हे वाचून मला रागच आला होता. आपल्या ब्राउझरचं बटण लपवणारे हे कोण?

पहिला आठवडा मात्र स्वर्ग होता. पंखा गप्प. ‘नोटिफिकेशन पाठवू का’ नाही, कुकीची पट्टी नाही, वाचता वाचता मधेच आडवी येणारी जाहिरात नाही. काही साईटवर मजकूर निवडताच येत नसे, राइट क्लिक बंद. ती अडवणूकही बऱ्याच ठिकाणी स्क्रिप्टचीच निघाली. विकिपीडिया जसाच्या तसा चालला. काही ठिकाणी फोटोंच्या जागी राखाडी चौकोन राहिले, कारण खाली सरकल्यावर फोटो आणायचं काम स्क्रिप्टकडे असतं. त्याचं मला फारसं दुःख नव्हतं. गूगलवर शोधणं मात्र अडलं. जानेवारी २०२५ पासून तिथे जावास्क्रिप्ट लागतंच. मग डकडकगो या दुसऱ्या सर्च इंजिनचं साधं, स्क्रिप्टशिवाय चालणारं एचटीएमएल पान वापरायला लागलो.

दुसऱ्या आठवड्यात फटका बसला. आईसाठी डेक्कनवरच्या एका दवाखान्याची वेळ ऑनलाइन घ्यायची होती. नाव, वय, तारीख सगळं भरलं, बटण दाबलं, पान पुन्हा उघडलं. लाल अक्षरात काही आलं नाही, म्हणजे झालं असणार, असं मी धरून चाललो. शनिवारी भर दुपारी आईला रिक्षातून घेऊन गेलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे नाव नाहीये तुमचं.’ फॉर्म तपासायचं आणि ‘अमुक राहिलं’ असं सांगायचं काम स्क्रिप्ट करत होतं, हे मला नंतर उमगलं. आई सव्वा तास बाकावर बसून होती. बोलली काही नाही, तेच जास्त लागलं. फायरफॉक्सवाल्यांवरचा माझा राग त्या बाकापाशीच निवळला. बंद केलेलं स्क्रिप्ट ‘मी बंद आहे’ असं सांगत नाही, खरी अडचण ती.

घरी आल्यावर सरसकट बंदी उठवली आणि नोस्क्रिप्ट हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं. २००५ पासूनचं आहे, जॉर्जिओ माओने यांचं. यात प्रत्येक पानावर कुठून कुठून स्क्रिप्ट येतंय त्याची यादी दिसते आणि एकेकाला परवानगी देता येते, हवी तर तात्पुरती. एका साध्या बातमीमागे पाहुण्यांची ही रांग! लग्नाला बोलावलं एकाला आणि जेवायला अख्खी आळी. पहिले पंधरा दिवस परवानग्या देण्यातच गेले, ते कंटाळवाणं आहे हे आधीच सांगतो. यादी एकदा बसली की आठवड्यातून दोन-तीनदाच हात लावावा लागतो.

एवढी उठाठेव नको असेल, तर क्रोमच्या साईट सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून ठरावीक साईटना सूट देता येते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही ही सोय आहे. बदल केल्यावर पान रिफ्रेश करायला विसरू नका.

बँक, वीजबिल, रेल्वे आणि दवाखाना यांसाठी मी आता दुसरा ब्राउझर ठेवलाय, त्यात सगळं चालू. पैशाच्या व्यवहारात मधेच परवानगी देऊन पान पुन्हा उघडणं म्हणजे विकतचं दुखणं. आणि स्क्रिप्ट बंद म्हणजे आपण अदृश्य, असंही समजू नका. आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा नंबर, समोरच्याला दिसतोच, आणि एका ठिपक्याएवढ्या चित्रानंही पान कुणी उघडलं याची नोंद ठेवता येते.

बाबांच्या फोनवरही बंद करून दिलं होतं. दुसऱ्याच सकाळी चहाच्या वेळी हाक आली, ‘अरे, माझं शब्दकोडं कुठं गेलं?’ त्या एका वर्तमानपत्राला सूट दिली. कोडं आलं आणि त्याच्या मागोमाग जाहिरातीही. आता स्क्रीनवर काही उड्या मारायला लागलं की बाबा फोन माझ्याकडे सरकवतात. ‘तुझं ते बंद कर,’ म्हणतात, ‘पण कोडं सोडवून झाल्यावर.’