जँगोमधले बहुपर्यायी फॉर्म: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या प्रशिक्षण वर्गाच्या नोंदणीत एकच प्रश्न कळीचा: कोणकोणत्या सत्रांना येणार? १२ सत्रं, १२ चेकबॉक्स, हव्या तितक्यांवर टिक करायची. हा फॉर्म नऊ महिने जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कवर, चालतोय.

पहिला पंधरवडा मी जँगोचा फॉर्म क्लास (फॉर्मची फील्ड आणि त्यांची तपासणी एका जागी ठेवणारा कोड) वापरलाच नव्हता. एचटीएमएल हाताने लिहिलं आणि व्ह्यूमध्ये, म्हणजे सबमिट झालेला फॉर्म हाताळणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये, 'गेट' या मेथडने व्हॅल्यू उचलली. तपासताना दर वेळी एकच टिक करत होतो, म्हणून सगळं बरोबर वाटलं. मग एका बाईंचा फोन आला, "मी तीन सत्रं निवडली होती, यादीत माझं नाव एकातच कसं?" ब्राउझर सर्व्हरला काय पाठवतो ते दाखवणाऱ्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं तर ब्राउझर चोख काम करत होता: सत्र=३&सत्र=५&सत्र=८. एकच नाव तीनदा आलं की 'गेट' फक्त शेवटची व्हॅल्यू हातात ठेवतो. सगळ्या हव्या असतील तर 'गेटलिस्ट' लागतं. आधीच्या नोंदी परत मिळाल्या नाहीत. एकेकाला फोन करून पुन्हा विचारावं लागलं. लोकांनी विश्वासाने दिलेली उत्तरं माझ्या कोडमधून गळली, हे मला फार लागलं.

त्यानंतर जँगोची मॉडेलमल्टिपलचॉइसफील्ड (डेटाबेसातल्या यादीतून अनेक पर्याय घेणारं फील्ड) आणि चेकबॉक्ससिलेक्टमल्टिपल (ते पर्याय चेकबॉक्स म्हणून दाखवणारा भाग) ही जोडी घेतली, आणि तिच्यावर मी खरंच खूश आहे. आलेला प्रत्येक पर्याय यादीत आहे का, हे ती स्वतः तपासते. कुणी सकाळी उघडलेलं पान संध्याकाळी सबमिट केलं आणि मधल्या काळात एखादं सत्र यादीतून काढलेलं असलं, तर फॉर्म ते नाकारतो, पण बाकीच्या टिक जागच्या जागी राहतात.

'किमान एक तरी निवडा' हे मात्र एचटीएमएलला सांगता येत नाही. 'रिक्वायर्ड' हे 'भरणं सक्तीचं' सांगणारं एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूट ज्या चेकबॉक्सला लावलं, त्या एकापुरतंच असतं. बाराही चेकबॉक्सना लावलं तर बाराही टिक कराव्या लागतील. जँगो म्हणूनच ते इथे मुद्दाम लावत नाही, तपासणी सर्व्हरवर करतो. मी जोडीला छोटी स्क्रिप्ट लिहिली. आणखी एक: फॉर्म 'कमिट=फॉल्स' देऊन (म्हणजे लगेच डेटाबेसात न लिहिता) सेव्ह केला, तर मूळ नोंद सेव्ह झाल्यावर अशा अनेक निवडी साठवणाऱ्या 'सेव्ह_एम२एम'ला हाक मारायला विसरू नका, नाहीतर निवडी डेटाबेसात पोचतच नाहीत.

सगळ्यात अवघड प्रकरण रिकाम्या उत्तराचं. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. त्यामुळे 'मी सगळी सत्रं रद्द केली' आणि 'हा प्रश्न पानावर नव्हताच' या दोन्ही गोष्टी सर्व्हरला सारख्याच दिसतात. फोन नंबर बदलायच्या पानावर मी तोच फॉर्म क्लास वापरला होता. सत्रांचं फील्ड तिथे ऐच्छिक होतं, टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल साच्यात, दाखवलंही नव्हतं. पहिल्याच माणसाने नंबर बदलला आणि त्याची चारही सत्रं पुसली गेली. सुदैवाने त्याच दिवशी लक्षात आलं. आता जे पानावर दिसतं तेवढीच फील्ड असलेला वेगळा फॉर्म क्लास प्रत्येक पानाला आहे. थोडं कोड वाढलं, त्याची मला अजिबात खंत नाही.

कुठलाही नवा बहुपर्यायी फॉर्म आला की आधी चार टेस्ट लिहितो: तीन टिक, एकही टिक नाही, काढून टाकलेलं सत्र, आणि फील्डच नसलेलं पान. गेल्या महिन्यात चौथ्या टेस्टने एक चूक लाइव्ह जायच्या आधीच पकडली.