गोठवलेल्या केळ्यांचा घट्ट स्मूदी बाउल आणि साडेसातशे वॅटचा घरगुती मिक्सर

नाश्त्याला गोठवलेल्या केळ्यांचा घट्ट स्मूदी बाउल करायचा तर त्यासाठी वेगळा, महागडा ब्लेंडर हवाच, असे सांगणारे विक्रेते नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांपासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत सगळीकडे भेटतात. माझ्या स्वयंपाकघरातला ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा, मुळात मसाला वाटण्यासाठी घेतलेला मिक्सर हे काम करतो आणि चांगले करतो. अट एवढीच की ते चटणीच्या छोट्या भांड्यात करावे आणि दूध ओतताना हात आखडता घ्यावा. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण याच घडणीचे मिक्सर अनेक कंपन्या तीन-चार हजार रुपयांच्या आसपास विकतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष या घडणीचे आहेत.

बाउल घट्ट म्हणजे किती घट्ट, हे आधी ठरवायला हवे. पेल्यातून पिता येईल ते बनाना शेक झाले. बाउलमध्ये चमचा रोवला तर तो कलंडता कामा नये आणि वर ठेवलेला फळाचा तुकडा तळाशी जाता कामा नये. केळे या कामाला जितके योग्य आहे तितके दुसरे सहज मिळणारे फळ नाही. त्यात पाऊण भाग पाणीच असते, पण ते पेक्टिन आणि साखरेने असे धरून ठेवलेले असते की गोठवून वाटल्यावर साय किंवा क्रीम न घालताही आइस्क्रीमसारखा मऊ लगदा तयार होतो. केळे जितके पिकलेले तितकी त्यातली साखर जास्त, आणि साखर जास्त असली की फ्रीझरमध्येही ते दगडासारखे कडक होत नाही. म्हणून सालीवर तपकिरी ठिपके आलेली केळीच गोठवावीत. पिवळीधमक, टोकाला हिरवी असलेली केळी वाटल्यावर पिठूळ लागतात, आणि मिक्सरलाही त्यांचा त्रास जास्त होतो.

नागपूरच्या मे महिन्यात अशी केळी मिळवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना हातगाडीवरून सकाळी आणलेली डझनभर जी-नाइन जातीची केळी दुसऱ्या दिवशीच काळवंडू लागतात, आणि घरात ती कोणी खात नाही. तीच सोलून, साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून, स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि सकाळी डब्यात भरावीत. अख्खे केळे गोठवू नये. सोलल्याशिवाय तर मुळीच नाही, कारण गोठलेली साल सुरीने तासावी लागते आणि तोवर बोटे बधिर होतात. एका बाउलला दोन मध्यम केळी पुरतात.

आता मिक्सरविषयी. दीड लिटरच्या मोठ्या भांड्यात दोन केळ्यांच्या चकत्या टाकल्या तर त्या पात्याच्या वर जेमतेम येतात, पहिल्याच झटक्यात भिंतीकडे फेकल्या जातात आणि पाते मोकळ्या हवेत फिरत राहते. ते भरण्यासाठी मग दूध वाढवावे लागते आणि बाउलचे शेक होते. चटणीच्या चारशे मिलिलिटरच्या भांड्यात तोच ऐवज दाटीने बसतो. त्यात दोन चमचे दूध, किंवा त्याहून चांगले म्हणजे पाणी निथळलेले घट्ट दही, घालावे. झाकण हाताने दाबून धरावे आणि बटण उलटीकडे, म्हणजे पल्सकडे, दोन-दोन सेकंद फिरवावे. सुरुवातीला खडखडाट होतो आणि चकत्यांचा रव्यासारखा चुरा पडतो. मग अचानक आवाज चढतो, मोटर हलकी झाल्यासारखी किंचाळते. याचा अर्थ पात्याभोवती हवेची पोकळी झाली आहे आणि वाटणे थांबले आहे. अशा वेळी वेग वाढवून काहीही साधत नाही. मिक्सर बंद करावा, भांडे उतरवावे, रबरी उलथन्याने कडेचा चुरा खाली दाबावा आणि पुन्हा पल्स द्यावा. चार-पाच वेळा असे केल्यावर आवाज खाली येतो, जड होतो, आणि लगदा कडेकडून मध्याकडे सावकाश दुमडत जाताना दिसतो. तेथेच थांबावे, कारण पुढचा प्रत्येक सेकंद पात्याच्या घर्षणाने लगदा वितळवतो.

चकत्या फ्रीझरमधून काढल्यावर लगेच वाटू नयेत. हिवाळ्यात पाच मिनिटे आणि मेमध्ये दोन मिनिटे बाहेर ठेवल्या की त्यांच्या कडा सुटतात आणि मोटरवरचा ताण स्पष्ट कमी होतो. हा ताण हलक्यात घेण्यासारखा नाही. पाते अडले की मोटर जास्त वीज ओढते, तिची गुंडाळी तापते, आणि बुडाशी असलेले लाल रंगाचे ओव्हरलोड बटण उडून यंत्र बंद पडते. ते बटण दाबले की मिक्सर पुन्हा सुरू होतो खरा, पण आधी त्याला दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे. त्यातच उन्हाळ्यात गल्लीभर कूलर आणि एसी चालू असताना विजेचा दाब उतरतो, आणि या प्रकारच्या मोटरचा जोर दाबापेक्षाही वेगाने उतरतो. त्यामुळे जो मिक्सर सकाळी सात वाजता बिनतक्रार वाटतो तोच रात्री साडेनऊला कण्हतो. नाश्त्याचा पदार्थ नाश्त्यालाच करावा, याला नागपुरात हेही एक कारण आहे.

वॅटच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. तो आकडा यंत्र वीज किती खाते ते सांगतो. गोठलेला तुकडा पात्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे भांड्याचा आकारच ठरवतो. उलटा पेला बसवून फिरवायचे जे छोटे, तीनशे-चारशे वॅटचे ब्लेंडर ‘स्मूदीसाठी खास’ म्हणून विकले जातात, ते या परीक्षेत माझ्याकडे नापास झाले. पेला बंद असल्यामुळे मध्येच उलथने घालता येत नाही, चकत्या पात्यावर अडकून बसतात आणि अर्धा कप दूध घातल्याशिवाय काही हलत नाही. पातळ पेयासाठी ते सोयीचे आहेत, बाउलसाठी नाहीत. वरून दांड्याने ढकलण्याची सोय असलेले बाराशे-पंधराशे वॅटचे मोठे ब्लेंडर उत्तम काम करतात, याबद्दल वाद नाही. पण रोज दोन माणसांच्या नाश्त्यासाठी तेवढा पैसा आणि ओट्यावरची तेवढी जागा मी देणार नाही.

वाटताना आत काय घालावे याबाबत मी कंजूष आहे. नागपुरात राहून संत्र्याचा मोह होतोच, पण संत्र्याचा रस लगदा सैल करतो आणि चुकून वाटली गेलेली बी कडवटपणा आणते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची आणि फेब्रुवारीनंतर मृग बहाराची संत्री मिळतात, तेव्हा फोडींची पांढरी साल काढून त्या वरून मांडाव्यात. भाजलेले जवस आणि भरडलेले शेंगदाणे यांच्याइतके या बाउलला शोभणारे दुसरे काही मला सापडलेले नाही. बाहेरून येणाऱ्या महाग बियांची गरज पडत नाही. स्ट्रॉबेरी किंवा कोको आरोग्यासाठी म्हणून केळ्याबरोबर वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की केळ्यातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे, म्हणजे कापलेले केळे ज्यामुळे काळे पडते त्याच विकरामुळे, अशा पदार्थांतील फ्लॅव्हनॉल ही आरोग्याला उपयुक्त मानली जाणारी द्रव्ये शरीरात फारच कमी शोषली जातात. चवीसाठी घालायला हरकत नाही. वाढण्याची स्टीलची वाटी मात्र आधी दहा मिनिटे फ्रीझरमध्ये असावी, नाहीतर कूलरसमोर बसूनही शेवटचे चार चमचे प्यावे लागतात.

या मिक्सरविषयी माझी खरी तक्रार वेगळीच आहे. चटणीचे भांडे म्हणजे लसणाचे भांडे. स्टील घासून वास जातो, पण झाकणातल्या रबरी वॉशरमध्ये तो मुरतो आणि थंडगार, गोड केळ्याला ठेचलेल्या लसणाची मंद झाक येते. वॉशर काढून, सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून पाहिला तरी पूर्ण समाधान होत नाही. याला उपाय एकच, बाउलसाठी दुसरे छोटे भांडे घेणे, आणि ते सुटे मिळते. मी मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात गेले तेव्हा कारागिराने भांड्याआधी मिक्सरच्या डोक्यावरचा, भांड्याचे पाते फिरवणारा दातेरी कपलर पाहिला, त्याच्या झिजलेल्या दात्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “ताई, बर्फ टाकता का याच्यात?” केळी, असे सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. कपलर हा मुद्दामच कच्चा ठेवलेला भाग असतो, पाते अडले तर मोटरऐवजी तो तुटावा म्हणून. तो स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत बदलून मिळतो. भांडे घ्यायला जाताना मात्र जुने भांडे पिशवीत घालून न्यावे, कारण बुडाची खाच कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, बदलते आणि नुसत्या अंदाजाने आणलेले भांडे बसत नाही.