पित्ताशयात खडे: थांबायचं, ओपीडीत जायचं की थेट कॅज्युअल्टी?

सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केली आणि रिपोर्टात पित्ताशयातले खडे निघाले, असं पुष्कळांचं होतं. मग सगळे आकार विचारत बसतात. खरं तर पुढचं बरंचसं ठरतं ते त्रासावरून.

त्रास काहीच नसेल, तर बहुधा थांबता येतं. असे बहुतेक खडे जन्मभर गप्प राहतात. रिपोर्ट मात्र एकदा सर्जनना दाखवाच. खडा ३ सेंमीहून मोठा असेल किंवा सोबत १ सेंमी किंवा त्याहून मोठा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरची गाठ) असेल, तर त्रास नसतानाही पित्ताशय काढायचं ऑपरेशन सुचवलं जातं.

जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते आणि अर्ध्या तासाने, दोन-तीन तासांनी ओसरते. घरात म्हणतात, "पित्त झालंय, गोळी घे." ॲसिडिटीत छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, गोळीने आराम पडतो. खड्याची कळ ढेकर देऊन, शौचाला जाऊन किंवा कूस बदलून हटत नाही. ती थांबली की माणूस विसरून जातो, आणि मला काळजी वाटते ती याचीच, कारण एकदा आलेली कळ बहुतेकदा परत येते. त्याच आठवड्यात ओपीडी गाठा. ठरवून केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी येतात. पित्ताशय सुजल्यावर तेच काम अवघड होतं.

मुतखड्यासारखं भरपूर पाणी पिऊन हा खडा पडत नाही. सरकला तर पित्तनलिकेत अडकू शकतो. लिंबूरस आणि ऑलिव्ह तेल पिऊन शौचावाटे जे हिरवे गोळे पडतात, तो त्या मिश्रणाचाच साबण असतो.

कळ पाच तासांवर गेली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, उलट्या थांबेनात किंवा दुखणं पाठीत आरपार जाऊ लागलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कॅज्युअल्टीच. छातीत दाब, घाम, धाप असेल तर १०८ ला फोन करा. दुखणं हृदयाचंही असू शकतं, म्हणून आधी ईसीजी हवा. मधुमेही आणि वयस्कर माणसांत ताप-दुखणं कमी जाणवतं, म्हणून त्यांच्या बाबतीत लवकर निघा. गरोदर बाईनेही कळ अंगावर काढू नये.

निघताना जुना रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घ्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका.