घाटाचं आवार: हिरवळ की सावली?

नागपुरात अंबाझरी असो, मोक्षधाम असो की मानेवाडा, दहनघाटावर अंत्यविधीला गेलेल्या माणसाला तास-दीड तास तिथं थांबावंच लागतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो, शेडमधले बाक घरच्या मंडळींनाच पुरत नाहीत आणि बाकीचे भिंतीच्या कडेची हातभर सावली शोधत उभे राहतात. त्यात सत्तरी ओलांडलेले खूप असतात. वस्तीतलं मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिकांचा गट घाटाच्या आवाराची देखभाल हाती घ्यायचं ठरवतो, तेव्हा बहुतेक दोन प्रस्ताव पुढे येतात. एक म्हणजे लॉन, फुलझाडांचे वाफे, कडेनं गट्टू (पेव्हर ब्लॉक) आणि वर्षभराचा ठेका. दुसरा म्हणजे सावलीची झाडं, मुरमाच्या पायवाटा आणि कायमचा एक माळी. माझा कल दुसऱ्याकडे आहे. का, ते सांगतो.

लॉनची जमेची बाजू खरी आहे. महिन्या-दोन महिन्यांत आवार पालटतं, देणगी देणाऱ्याला काम डोळ्यांना दिसतं आणि पावसाळ्यात चिखल होत नाही. पण पाण्याचा हिशेब मांडा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला रोज ५-६ मिलिमीटर लागतं. दहा हजार चौरस फुटांचा तुकडा म्हणजे साधारण ९३० चौरस मीटर, म्हणजे रोज पाच हजार लिटरच्या आसपास पाणी. आठवड्याचे झाले पस्तीस हजार. एप्रिल-मे मध्ये वस्त्यांना टँकर लागत असताना घाटाच्या गवतावर एवढं पाणी ओतायचं, हे कुणालाच पटणार नाही. मग पाणी तोडलं जातं आणि जूनपर्यंत तिथं पिवळं गवत आणि भेगा उरतात.

त्याच तुकड्यावर २५-२५ फुटांवर झाडं लावली तर सोळा बसतात. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा ४० लिटर दिले तरी आठवड्याचा खर्च तेराशे लिटरांच्या आत राहतो, आणि तोही पहिले तीन उन्हाळेच. पुढे कडुनिंब-करंजासारखी झाडं स्वतःचं पाणी स्वतः शोधतात. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. काळी माती तो धरून ठेवते आणि खोल मुळांना तो पुढे कामी येतो. गवताची मुळं तिथवर पोचत नाहीत. झाडांत उणं एकच: पाच-सहा वर्षं धीर धरावा लागतो.

कोणती झाडं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथं निवड चुकली की पाच वर्षांनी कळतं. कसोटी साधी ठेवा: मे महिन्यात या झाडावर पानं असतात का? बहावा देखणा आहे, पण फुलतो तेव्हा त्यावर पानं जवळजवळ नसतात. तो फाटकाजवळ एखादा लावा, बसायच्या जागी नको. कडुनिंबाची पानगळ फाल्गुनाच्या सुमारास उरकते आणि उन्हं तापेपर्यंत नवी पालवी आलेली असते. करंजाचंही तसंच, आणि त्याची सावली कडुनिंबापेक्षा दाट. घाट नाल्याच्या किंवा नदीच्या काठाला असेल तर त्या बाजूला अर्जुन लावा, ओल त्याला मानवते. गुलमोहर टाळा. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची, मृगाच्या आधीच्या वादळात फांद्या मोडतात, आणि खाली माणसं उभी असतात. उंच सरळ वाढणाऱ्या अशोकाची रांग नकाशात छान दिसते, सावली मात्र पडत नाही. झटपट वाढतो म्हणून कोनोकार्पस सुचवणारे भेटतील. त्याच्या परागकणांच्या तक्रारी आहेत आणि गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं त्यांना सांगावं. पिंपळ घाटावर हवाच, विधींसाठी लोक तो शोधतात. फक्त ओटे आणि कुंपणभिंत यांपासून लांब लावा, मुळं बांधकाम फोडतात.

कुठलंही झाड दहनाच्या ओट्यापासून पुरेसं दूर हवं, नाहीतर झळेनं त्या बाजूची पानं करपतात. आणि राख! लोक श्रद्धेनं ती झाडाच्या आळ्यात टाकतात. लाकडाची राख अल्कधर्मी असते, आपली काळी माती मुळातच त्या बाजूची. राख साचत गेली की झाडाला लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. समाधी देताना वापरलेल्या मिठाचाही मुळांना त्रास होतो. राखेसाठी वेगळा हौद आणि त्यावर ठळक पाटी असली तर भावनाही जपल्या जातात आणि झाडंही.

ठेका की माळी, यात पैशाचा फरक वाटतो तेवढा नसतो. ठेक्यात बिल निघतं कापलेल्या क्षेत्रफळावर, त्यामुळे यंत्र फिरतं, पण मे महिन्यात आळं कोरडं आहे का हे बघायला कुणी बांधील नसतो. ठेकाच द्यावा लागला तर जूनमध्ये जगलेली झाडं मोजून शेवटचा हप्ता द्यायची अट घाला. रोजच्या माळ्याच्या नजरेला बारीक गोष्टी पडतात: फोडलेल्या मडक्यांच्या खापरांत साचलेलं पाणी, ज्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, किंवा फुलावर यायला लागलेलं गाजरगवत. ते जुलैतच, फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं असतं. एका झाडाचं बी हजारोंनी पडतं. तरोटा (टाकळा) उगवला असेल तर राहू द्या, तो गाजरगवताला दाबतो.

कब्रस्तान किंवा ख्रिस्ती दफनभूमीचा निर्णय मात्र वेगळा पडतो. तिथं मोठ्या मुळांची झाडं कडेनंच बरी, आत आखूड गवत आणि चाफा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, म्हणून थडगी कलतात आणि नव्या कबरीवरची माती पहिल्या पावसात खाली बसते. ती पुन्हा भरण्याचं काम देखभालीत धरलंच पाहिजे. थडग्यांच्या कडेचं गवत विळ्यानं काढा, यंत्राच्या फिरत्या तारेनं जुनी अक्षरं झिजतात. आणि रोप लावण्याआधी त्या समाजाच्या समितीला विचारा.

आवारात जुनी झाडं असतील तर महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलल्याशिवाय त्यांना हात लावू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. नवी रोपं पाच-सहा फुटांची घ्या. खड्डे तीन फूट लांब, तेवढेच रुंद आणि खोल, मे महिन्यातच खणून त्यांना ऊन लागू द्या. काळ्या मातीत थोडी रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळा आणि दोन चांगले पाऊस झाले की लावायला घ्या.