छाया, माला-एन, अंतरा की तांबी? पाळीच्या बाजूने केलेली तुलना

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या या चार गर्भनिरोधक साधनांची चौकशी करताना बायका आधी वजनाचं विचारतात. साधन मध्येच सोडलं जातं ते मात्र बरेचदा पाळीमुळे. कुणाला जास्त जातं, कुणाला अधूनमधून डाग पडतात, कुणाची पाळी येतच नाही. ज्या घरात अजून पाळीचे चार दिवस देवघर आणि स्वयंपाकघर बंद असतं, तिथे पंधरा दिवस पडणारे डाग डॉक्टरला किरकोळ वाटले तरी त्या बाईचं घरात वावरणं अवघड करतात. साधन देताना हे विचारायला हवं, पण क्वचितच विचारलं जातं.

तांबीपासून सुरुवात करू, कारण विसरण्याला तिच्यात जागाच नाही. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. वर्षभरात शंभरातल्या एखाद्या बाईलाही क्वचितच दिवस जातात. हार्मोन नसल्याने वजन, मूड, दूध यांवर परिणाम नाही. तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला बारीक सूज राहते, त्यामुळे पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि ओटीपोटात कळा येतात. पाळीच्या दिवसांत जेवणानंतर आयब्युप्रोफेन घेतल्याने कळा आणि स्राव दोन्ही कमी होतात (अ‍ॅसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). मुळातच भरपूर जात असेल आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर तांबी ही चुकीची निवड आहे. बसवण्याआधी रक्त तपासून घ्या. ते न करता बसवली की सहा महिन्यांत थकवा येतो, आणि दोष तांबीच्या नावावर जमा होतो.

तांबी बसवल्यावर पुढच्या पाळीनंतर एकदा दाखवायला जायचं. ती आपोआप बाहेर पडण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो. बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवलेल्या तांबीत तो आणखी जास्त, तरी सोय बघता ती वेळ वाईट नाही. योनीमार्गात स्वच्छ बोटाने तांबीचा धागा लागतो का हे महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर बघावं. धागा लागला नाही, एकाएकी लांब वाटला किंवा टोचणारं कडक टोक लागलं, तर दाखवेपर्यंत कंडोम वापरायचा. धागा नवऱ्याला टोचत असेल तर तो कापून आखूड करता येतो, त्यासाठी तांबी काढायची गरज नाही. तांबी वर चढून काळजाला लागते ही भीती अजून ऐकू येते. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडू शकतं हे खरं, पण ते साधारण हजारात एखाद्या वेळी होतं. तिथून छातीपर्यंत जायला वाट नाही.

माला-एन याच्या अगदी उलट. पाळी हलकी आणि वेळच्या वेळी, पोटदुखी कमी, पण रोजच्या शिस्तीवर सगळं अवलंबून. पाकिटात २१ हार्मोनच्या गोळ्या (लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम, एथिनिल इस्ट्राडायोल ०.०३ मिलिग्रॅम) आणि ७ लोहाच्या. माला-डी मध्ये औषध तेच, फक्त ती मेडिकलमधून थोड्या पैशांत मिळते. सुरुवातीला मळमळतं, म्हणून रात्री जेवून घ्यावी. पहिले तीन महिने मध्येच डाग पडू शकतात, गोळीची वेळ पुढेमागे झाली की जास्तच.

खरा घोटाळा लोहाच्या गोळ्यांत होतो. त्या ‘बिनकामाच्या’ म्हणून टाकून देतात, मग सात दिवसांचा हिशोब चुकतो आणि नवं पाकीट दहाव्या दिवशी उघडलं जातं. हार्मोनशिवाय गेलेले हे जास्तीचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, कारण बीजकोश तेवढ्यात जागा होतो. एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. ओळीने दोन किंवा जास्त विसरल्या तर सात दिवस कंडोम. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू करायचं. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची.

अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने माला-एन घेऊ नये. पस्तिशीपुढे धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, डोळ्यांपुढे वीज चमकून येणारी अर्धशिशी, पूर्वी पायात रक्ताची गाठ, यांपैकी काहीही असेल तर ही गोळी नकोच. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं तिचा असर कमी करतात. टीबीच्या गोळ्या एका खिडकीवर आणि माला-एन दुसऱ्या खिडकीवर घेताना ही गोष्ट दोन्हीकडे सांगावी लागते, कुणी आपणहून जोडून बघत नाही. पोटरी एकाएकी सुजली, छातीत दुखलं, दम लागला किंवा दिसेनासं झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

छाया हे आपल्याकडचं खास औषध. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं सेंटक्रोमन १९९१ साली सहेली नावाने बाजारात आलं, आणि २०१६ मध्ये छाया म्हणून सरकारी कार्यक्रमात. ३० मिलिग्रॅमच्या या गोळीत हार्मोन नाही, त्यामुळे मळमळ आणि वजनाची तक्रार सहसा नसते आणि दूध पाजतानाही चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. यात होणारी ठरलेली चूक म्हणजे पाळी आली की वार बदलणं. वार एकदा ठरला की पाळी कधीही येवो, तोच ठेवायचा. गोळी चुकली आणि सात दिवस उलटले नसतील तर आठवताच घ्यायची, ठरलेला वार चालू ठेवायचा आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरायचा. सात दिवसांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

छायामुळे पाळी लांबते आणि कमी जाते. पहिल्या तीन महिन्यांत हे जास्त जाणवतं. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करायची. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा आजार), नुकतीच झालेली कावीळ, यकृताचा किंवा किडनीचा आजार, टीबी असेल तर ही गोळी टाळायची. ज्यांना पाळी दोन दिवस पुढे गेली तरी झोप लागत नाही, त्यांनी छायाच्या वाटेला जाऊ नये असं आमचं मत.

अंतरा म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन, स्नायूत १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन असर आधीच संपतो. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत पुढचा डोस घेता येतो. त्याहून उशीर झाला तर आधी गरोदर नाही याची खात्री करायची. पाळीवर सर्वांत जास्त परिणाम याच साधनाचा. पहिल्या एक-दोन डोसांत कधीही, कितीही दिवस डाग पडतात, आणि वर्षभरात अनेकींची पाळी थांबते. घाण रक्त आत साठतं ही समजूत चुकीची आहे. अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडण्यासारखं काही तयार होत नाही. वजनाची तक्रार मात्र इथे खरी, काहींचं वाढतं. आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अंतरा थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसापासून सात ते दहा महिने लागू शकतात. येत्या वर्षात मूल हवं असेल तर हे साधन नको.

पाळी फार जाते म्हणून तांबी नको, आणि खर्चाची तयारी आहे, अशांना तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोन असलेली तांबी (मिरेना वगैरे) खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बसवता येते. सुरुवातीचे काही महिने डाग पडतात, मग पाळी नावापुरती उरते.

कंडोमबद्दल थोडक्यात: खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स फाटतो. लैंगिक आजारांपासून वाचवणारं साधन मात्र हेच. साधनाशिवाय संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी जितकी लवकर तितकी बरी, पण दर महिन्याला घेतली तर पाळी विस्कटते आणि संरक्षणही कमी पडतं. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या गोळीपेक्षा खात्रीची, शिवाय पुढची दहा वर्षं कामाला येते.

दोन मुलं झाली, आणखी नको, असं पक्कं असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची. त्यानंतर तीन महिने कंडोम वापरायचा आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची. दिवस जातात ते बहुतेक ही शेवटची पायरी गाळल्यामुळे.