माय लिटल पोनी: दागिना चालतो, पण गुण खरा असेल तरच

लहान मुलींचं कार्टून म्हणून 'माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' सोडून दिलं असेल तर प्लीज एकदा बघाच, कारण जादूच्या वस्तूला माणसाच्या (इथे पोनीच्या) गुणातून ताकद मिळते ही कल्पना इतकी मनापासून निभावलेली फार कमी ठिकाणी दिसते. २०१० ते २०१९, एकूण ९ सीझन. एलिमेंट्स ऑफ हार्मनी म्हणजे ६ दागिने: प्रामाणिकपणा, दयाळूपणा, हसरेपणा, उदारपणा, निष्ठा आणि सहावं मॅजिक, गोष्टीतल्या सहा पोनी मैत्रिणींपैकी प्रत्येकीचा एकेक.

दुसऱ्याच एपिसोडमध्ये व्हिलन नाईटमेअर मून त्या दागिन्यांचा, जे तेव्हा नुसत्या दगडांच्या रूपात असतात, चुरा करते तरी काही अडत नाही, कारण जंगलातून येताना प्रत्येकीने आपला गुण दाखवून झालेला असतो. अर्धी मिशी कापली गेली म्हणून रडणाऱ्या, वाटेत भेटलेल्या नागोबाला उदारपणावाली रॅरिटी चक्क स्वतःची शेपटी कापून देते, आणि ही तीच रॅरिटी जिला एक केस विस्कटलेला चालत नाही!

पण खरी मजा सीझन २ च्या सुरुवातीला. नवा व्हिलन डिसकॉर्ड सगळ्यांची मनं फिरवतो, प्रामाणिक अ‍ॅपलजॅक खोटं बोलायला लागते, बिचारी दयाळू फ्लटरशाय सगळ्यांवर खेकसते, निष्ठावाली रेनबो डॅश तर सोडूनच जाते, मग मॅजिकवाली ट्वायलाइट वैतागून डॅशचा दागिना आपल्या छोट्या ड्रॅगन मदतनीसाच्या, स्पाईकच्या, गळ्यात अडकवते आणि तशीच लढायला निघते. काहीच होत नाही! दागिने तेच, पण मनात मैत्रीच नाही तर ते चालणार कशाच्या जोरावर.

सीझन ४ त्याच्याही पुढे जातो, तिथे गुण पाळणं महागात पडतं. नकली टॉनिक पिऊन अ‍ॅपलजॅकची आजी परत पोहायला लागलीय, खूश आहे, मग खरं सांगायचं कसं? आजी जीवघेणी उडी मारायला वर चढते तेव्हा कुठे अ‍ॅपलजॅक तोंड उघडते. फ्लटरशायला तर लाडक्या ब्रीझीजना (परीसारख्या इवल्याशा पोनींना) घराबाहेर काढावं लागतं, त्यांच्याच भल्यासाठी, आणि तो सीन बघवत नाही अक्षरशः.

एकच तक्रार, ते सहावं मॅजिक. मैत्रीची ठिणगी वगैरे सांगतात, पण बाकीचे पाच गुण वागण्यात दिसतात तसं हे हाताला लागत नाही, आणि सीझन ४ च्या शेवटी इंद्रधनुष्याचा झोत आला की व्हिलन खलास, तो भाग मला घाईघाईत उरकल्यासारखा वाटला. वेळ कमी असेल तर सीझन १ आणि २ चे पहिले दोन-दोन एपिसोड आधी बघा.