‘अजून दहा दिवस थांबा’

ऑनलाइन खरेदीतली नेहमीची फसवणूक: १६ टीबीची (एक टीबी म्हणजे हजार जीबी) एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, खिशात मावेल एवढी, किंमत साध्या पेनड्राइव्हच्या आसपास. कॉम्प्युटरला जोडली की खरोखरच १६ टीबी दिसतात. वीसेक जीबी फोटो टाकून पाहिले, तेही नीट उघडतात. मग ‘माल मिळाला’वर क्लिक होतं, पाच तारे दिले जातात आणि साइटने राखून ठेवलेले पैसे विक्रेत्याच्या खात्यात जातात. दोन-तीन महिन्यांनी एखादा फोटो उघडायला जावं तर नाव आहे, साइझ आहे, आत काही नाही.

डबी उचकटली की उलगडा होतो. आत बोटभर कार्ड-रीडर, त्यात ६४ जीबीचं मायक्रो-एसडी कार्ड, ते हलू नये म्हणून वर ग्लू-गनचा गोळा आणि हाताला वजन लागावं म्हणून कधीकधी लोखंडाची पट्टी. क्षमतेचा आकडा फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या आतल्या कायम प्रोग्रॅममध्ये, बदललेला असतो. खरे ६४ जीबी भरले की पुढचा डेटा हवेत जातो, नाहीतर जुन्यावरच गिरवला जातो. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या भागात असल्यामुळे वरवर सगळं जागेवर दिसतं. ६४ जीबी भरायला सामान्य माणसाला काही आठवडे तरी लागतात, आणि विक्रेत्याला हवे असतात ते हेच आठवडे.

म्हणून मेमरीची कोणतीही वस्तू हातात आल्याच दिवशी तपासायची. विंडोजवर ‘एचटू-टेस्ट-डब्ल्यू’, लिनक्स आणि मॅकवर ‘एफ-थ्री’, दोन्ही फुकट. ही साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतात. वेळेचा हिशोब आधी करा: सेकंदाला ३० एमबी वेगाने २ टीबी नुसते लिहायलाच साडेअठरा तास लागतात, वाचायचे वेगळे. १६ टीबी म्हणजे सहा दिवस. एवढं थांबायची गरज नाही. सुरुवातीचे दोन-तीनशे जीबी तपासले तरी बिंग फुटतं. एफ-थ्रीमधलं ‘प्रोब’ तर बहुतेक वेळा काही मिनिटांतच खरी क्षमता सांगतं. निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढे तोच कामाला येतो.

बॅटरीसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. १८६५० आकाराचा चांगला लिथियम सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि त्याची क्षमता ३,५०० एमएएचच्या (वीज साठवण्याचं माप) आसपास संपते. वेष्टनावर ९,९०० छापलं असेल तर पुढचं वाचायचंही कारण नाही. ग्राफिक्स कार्डांत जुन्या चिपचा बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्रॅम) बदलून नवं नाव चढवतात. ‘जीपीयू-झेड’ हा प्रोग्रॅम अशी बरीच कार्डं पकडतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये दिसणाऱ्या रॅमच्या आकड्यावर मुळीच भिस्त ठेवू नये, तो आकडा म्हणजे पडद्यावर उमटवलेला मजकूर. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मात्र तीन ठिकाणी ताडून पाहा: स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारा, खोक्यावरचा आणि बिलावरचा.

आता वस्तू आलीच नाही तर? ट्रॅकिंग नंबर मिळाला म्हणजे पार्सल निघालं असं नाही. लेबल घरबसल्या छापता येतं. ‘लेबल तयार’ यापुढे, पोस्टाने किंवा कुरिअरने पार्सल ताब्यात घेतल्याची नोंद होईपर्यंत माल विक्रेत्याकडेच आहे असं धरावं. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर १३ अक्षर-आकड्यांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. विक्रेता म्हणतो एक देश आणि शेवटची अक्षरं दुसऱ्याच देशाची, असं असेल तर लगेच जाब विचारा.

याहून बेरकी प्रकार म्हणजे पार्सल खरंच येतं, पण तुमच्याच शहरात दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर. पाकिटात किरकोळ केबल. साइटच्या नोंदीत ‘पोचलं’ असं येतं आणि तक्रार केली की विक्रेता तीच नोंद पुढे करतो. यावर उपाय आहे: पोस्टातून किंवा कुरिअरकडून पोचवल्याचा पत्ता आणि नोंदलेलं वजन लेखी मागा. दीड किलोचा लॅपटॉप ४० ग्रॅमच्या पाकिटातून येत नाही. पाकीट तुमच्याच दारात आलं असेल, तर फोडण्याआधी लेबलवरच्या वजनाचा फोटो काढा आणि लेबलपासून सीरियल नंबरापर्यंत व्हिडिओ सलग घ्या, मध्ये न तोडता.

परदेशी गोदामाचा पत्ता देणाऱ्या फॉरवर्डिंग सेवेतून मागवलं तर आणखी एक खड्डा असतो. माल परत करण्याची मुदत बहुधा गोदामात पोचल्या दिवसापासून मोजली जाते. चार पार्सलं एकत्र पाठवून भाडं वाचवू म्हणून ती तीन आठवडे तिथेच ठेवली, तर ३० दिवसांतले २१ तिथेच गेले आणि विमानाचे अजून बाकी. शंकेचा माल असेल तर गोदामाकडून पैसे देऊन आतले फोटो आणि सीरियल नंबर मागवा. भाडंही नुसत्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक कुरिअर ५,००० ने भागतात: ५० बाय ४० बाय ३० चं खोकं, आत दोन किलोचा स्पीकर, पण बिल १२ किलोचं. मोठं खोकं बदलून द्यायला आधीच सांगावं. ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवण्याची विक्रेत्याची सूचनाही मान्य करू नका. कस्टममध्ये अडकलं तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो, आणि हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीपुरतीच.

तक्रार केली की चॅटवर अतिशय गोड भाषा सुरू होते. ‘सुट्ट्या आहेत, अजून दहा दिवस थांबा.’ मग ‘१० टक्के परत घ्या आणि वस्तू ठेवा.’ नाही म्हटलं की २०, मग ३०. शेवटी ‘वस्तू परत पाठवा’, तेही तुमच्या खर्चाने. सुटी लिथियम बॅटरी असेल तर पोस्ट बहुधा घेतच नाही. असे सेल प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

तुमचे दिवस मात्र मोजलेले असतात. साइटच्या संरक्षणाची शेवटची तारीख ऑर्डरच्या पानावर असते, ती आधी लिहून ठेवा. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांत वाद दाखल करावा लागतो आणि तो २० दिवसांत दाव्यात, म्हणजे पेपॅलच्या निवाड्यासाठी, बदलला नाही तर आपोआप बंद होतो. ‘मित्र-नातेवाईक’ या प्रकारात पैसे पाठवले असतील तर खरेदीचं संरक्षणच नाही. कार्डाच्या चार्जबॅकला, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागायला, अनेकदा १२० दिवस मिळतात, तरी आपल्या बँकेला विचारून घ्या.

तक्रारीत ‘क्वालिटी खराब’ असं लिहू नका, ‘वर्णनाशी जुळत नाही’ हेच कारण निवडा. खाली एकच ओळ पुरे: ‘मागवलं २ टीबी, चाचणीत निघालं ५८ जीबी, निकाल जोडला आहे.’ यावर विक्रेत्याचा निरोप बहुतेक त्याच दिवशी येतो: ‘आधी तक्रार मागे घ्या, लगेच पूर्ण पैसे पाठवतो.’ पेपॅलवर एकदा बंद केलेला वाद पुन्हा उघडता येत नाही. पैसे आधी येऊ देत.